आईची खाणावळ आणि अर्जातला एक रकाना

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग पावसाळा, मग गणपती... कारणं सांगत बसले तर त्याचाच एक लेख होईल! पण परवा एक साधीशी गोष्ट घडली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून आज बसलेच लिहायला. जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक जण पोळीभाजी केंद्र चालवते. पस्तिशीची चुणचुणीत मुलगी आहे. करोनात नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा घरातल्या ओट्यावर सुरू केलं, आता रोजच्या दोनशे-अडीचशे पोळ्या जातात. डोंबिवलीत ह्या धंद्याला मरण नाही. सकाळी सहा-सातची लोकल पकडणाऱ्या बाईने पोळ्या लाटायच्या कधी? तर हिला आता मुद्रा योजनेतून कर्ज काढायचंय, मोठा फ्रीज आणि कणीक मळायचं मशीन घ्यायला. "काकू, तुम्ही शाळेत होतात, जरा कागद बघून द्या ना," म्हणून ती बँकेचे कागद घेऊन आली. एकेक रकाना भरत आम्ही 'कामाला असलेल्या व्यक्तींची संख्या' इथपर्यंत आलो.

"तसं कोणी नाही हो काकू," ती म्हणाली. "दोघी येतात पहाटे पोळ्या लाटायला. पण त्या काय, घरच्यासारख्याच आहेत. शून्य लिहा."

पेन माझ्या हातात होतं. ते तिथेच थांबलं. कारण अशाच एका रकान्यात असंच शून्य मी १९७७ साली माझ्या हाताने लिहिलं होतं. अर्ज माझ्या आईचा होता.

माझ्या भाचरांना आणि नातवंडांना आजी खाणावळ चालवायची एवढं माहीत आहे. पण खाणावळ म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलं-खुर्च्या आणि भिंतीवर दरपत्रक येतं. तसलं काही नव्हतं बाबांनो. दहा बाय बाराची चाळीतली खोली, तीच आमची राहायची आणि तीच खाणावळ.

ह्याची सुरुवात पार मागे जाते. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली, कावसजी दावर ह्यांची. पुढे परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा भोंग्यांनी भरून गेला आणि त्याला गिरणगाव नाव पडलं. कामाला माणसं आली ती रत्नागिरीकडून आणि घाटावरून, साताऱ्याकडून. बहुतेक पुरुष एकटेच यायचे. बायको-पोरं गावी, थोडी शेती गावी. इथे एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसं पाळीपाळीने झोपायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीचा येऊन पडायचा. झोपायचं असं भागलं. पण जेवायचं काय?

ते काम बायकांनी उचललं. त्याचंही एक कारण आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई असायची. कांड्या भरायच्या आणि सुताच्या लड्या करायच्या खात्यांत बायकाच बायका. पुढे नवी यंत्रं आली, तीच खाती आधी आवळली गेली. रात्रपाळी बायकांना बंद झाली, १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता, पण पुष्कळ मालकांना त्यानंतर बाई कामगार महाग वाटायला लागली. हळूहळू गिरणीतली बाई कमी होत गेली. घरी बसून भागणार नव्हतंच. मग जी गिरणीत कांड्या भरायची ती, किंवा तिची लेक-सून, घरात चुलीपुढे बसून गिरणीवाल्यांना जेवू घालायला लागली.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. १९६२ साली क्षयाने गेले, तेव्हा मी बारा वर्षांची आणि धाकटा भाऊ सात वर्षांचा. वडिलांच्या फंडाचे थोडे पैसे आले. आईने त्यातून दोन मोठी पातेली, परात, बिडाचे दोन तवे आणि दोन स्टो घेतले. गावाकडच्या ओळखीचे सहा मेंबर मिळाले. (खाणावळीत जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणायचे. गिऱ्हाईक म्हटलं की माणसाला परकं वाटतं, असं आई म्हणायची.) सहाचे बारा झाले, बाराचे तेवीस. तेवीस माणसांचं दोन वेळचं जेवण एका खोलीत! पहाटे साडेतीनला स्टो पेटायचा, कारण पहिल्या पाळीवाल्यांचा डबा सकाळी सातच्या आत तयार हवा. दुपारी दुसऱ्या पाळीवाले जेवून जायचे, पहिली पाळी सुटली की ते यायचे. रात्री शेवटची भांडी घासून होईपर्यंत बारा वाजायचे. बुधवारी सुकट नाहीतर बांगडा, रविवारी मटण.

आणि वही. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून वही माझ्याकडे. प्रत्येक मेंबराचं एक पान. जो जेवला नाही त्याचा 'खाडा' लिहायचा, महिन्याच्या शेवटी खाडे वजा करून हिशेब करायचा. पगार व्हायचा दहा तारखेच्या आसपास, तेव्हा पैसे यायचे. म्हणजे महिनाभर आईने आधी जेवू घालायचं आणि मग पैसे बघायचे. वाण्याकडून उधार आणायचं तर वाणी त्याच ज्वारीला पायलीमागे जास्त लावायचा आणि वर बारीक खडे फुकट. रोख हवी असेल तर सावकार होताच. शंभराला महिना दहा रुपये. आईचं मंगळसूत्र माझ्या आठवणीत गळ्यात कमी आणि सावकाराकडे जास्त असायचं.

मेंबर बुडवे नव्हते हं. उलट माझ्या कॉलेजच्या फीसाठी एकदा सगळ्यांनी मिळून दोन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले होते. पण संप झाला की सगळंच थांबायचं. १९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. त्या ४२ दिवसांत पगार नाही, पण माणूस जेवल्याशिवाय कसा राहील? आई आणि तिच्यासारख्या गिरणगावातल्या कितीतरी जणी वहीत लिहून जेवू घालत राहिल्या. संपाच्या गोष्टी सांगताना मोर्चे सांगतात, सभा सांगतात, पुढाऱ्यांची भाषणं सांगतात. तो संप कर्ज काढलेल्या ज्वारीवर उभा होता हे फार थोड्यांना दिसलं.

ज्यांना दिसलं त्यांत एक होत्या प्रेमा पुरव. गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या, पुढे मुंबईत डाव्या चळवळीत कामगारांत काम करणाऱ्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेतले नेते. १९६९ च्या जुलैत चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, आणि १९७२ साली सरकारने अगदी गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज द्यायची योजना काढली होती. योजना कागदावर होती आणि खाणावळवाल्या लालबागमध्ये होत्या. मध्ये कोणी नव्हतं. प्रेमाताईंनी १९७५ साली खाणावळवाल्यांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं. तारण ठेवायला सोनं नाही, घर नाही, मग बायकांनी गट करून एकमेकींना जामीन राहायचं. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तिच्या दारात जाऊन बसायचं! हे साल लक्षात घ्या. बांगलादेशात मुहम्मद युनूस ह्यांनी जोब्रा गावात आपला प्रयोग सुरू केला तो १९७६ साली. त्यांना २००६ साली नोबेल मिळालं ते योग्यच झालं, पण आपल्या परळ-दादरच्या बायका त्याच वाटेवर त्याच सुमारास चालत होत्या, एवढं आपल्या मुलांना माहीत असावं.

आईला ह्याची बातमी शेजारच्या चाळीतल्या एकीने आणली. आई आधी तयारच होईना. बँक म्हणजे पांढरपेशांची जागा. "अंगठा लावला नि खोली गेली तर?" हेच एक तिचं. शेवटी १९७७ साली कशीबशी तयार झाली. मी तेव्हा बी.ए. होऊन एका शाळेत लागले होते. अर्ज भरायला मीच.

हिशेब मी तिला अगदी तिच्या भाषेत समजावला होता. पंधराशे रुपये सावकाराकडून घेतलेस तर महिन्याला दीडशे रुपये नुसतं व्याज. तेच पंधराशे बँकेकडून ४ टक्क्यांनी घेतलेस तर वर्षाला साठ, म्हणजे महिन्याला पाच रुपये. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी सावकारासाठीच रांधत होते की गं."

कर्ज मिळालं. मंगळसूत्र सुटून घरी आलं आणि पुन्हा कधी गेलं नाही. ज्वारी-तांदूळ घाऊक बाजारातून पोत्याने यायला लागले. आईच्या नावाचं पासबुक आलं, त्यावर तिने स्वतः सही केली. त्यासाठी महिनाभर मी तिच्याकडून पाटीवर गिरवून घेतलं होतं. शाळेत मी शेकड्याने मुलांना लिहायला शिकवलं, पण त्या सहीएवढा आनंद मला कशाचा झालेला आठवत नाही. तेव्हा छोट्या धंद्याला कर्ज देऊन काय होतं असं मला कोणी विचारू नये. काय होतं ते मी घरात पाहिलंय.

आता त्या रकान्याकडे येते.

'धंद्यात किती माणसं कामाला आहेत?' मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "लिही, कोणी नाही." मी शून्य लिहिलं. त्या वेळी खोलीच्या दारात, मोरीपाशी, आक्का तव्याची काजळी घासत बसली होती.

आक्का आमच्या गावाकडची. बालविधवा. सासरी छळ, माहेरी खायला वानवा. १९६४ साली आई तिला मुंबईला घेऊन आली. तेवीस माणसांच्या भाकऱ्या आई थापायची, पण पीठ चाळणं, मसाला वाटणं, घासलेटच्या रांगेत उभं राहणं, नळाचं पाणी भरणं, गिरणीच्या फाटकावर डबे पोचवणं आणि दिवसातून तीन वेळा तो भांड्यांचा ढीग उपसणं हे सगळं आक्काचं. तिला काय मिळायचं? दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन लुगडी, आणि गणपतीला गावी जायचं एस.टी.चं भाडं. पगार असा नाही. कधी चार-आठ आणे हातावर. आई तिला कधी टाकून बोलली नाही. ताप आला तर आईने तिचे पाय चेपलेले मी पाहिलेत. "आक्का घरच्यासारखी आहे," असं आई सगळ्यांना सांगायची, आणि ते मनापासून होतं. आक्कालाही ते खरंच वाटायचं.

पण वहीत तिचं पान नव्हतं. प्रत्येक मेंबराचा खाडा मी इमानाने लिहिला. वाण्याची बाकी, सावकाराचं व्याज, स्टोच्या पिना, सगळं लिहिलं. आक्काने किती दिवस काम केलं हे मी एकदाही लिहिलं नाही. लिहायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. मी बी.ए. झालेली, नागरिकशास्त्र शिकवणारी बाई! मुलांकडून मूलभूत हक्क पाठ करून घ्यायचे आणि घरी येऊन आक्काने वाढलेलं ताट घ्यायचं.

पुढे निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला तेव्हा ही सगळी उतरंड मला नीट दिसायला लागली. आमच्याकडे जेवणाऱ्या मेंबराचं बघा. गिरणीतलं काम भयंकरच. कापसाचे कण छातीत, साच्यांच्या आवाजाने कान बधिर. पण १९४८ च्या कायद्यामुळे त्याला ई.एस.आय.चं औषधपाणी होतं, १९५२ च्या कायद्यामुळे फंड होता, १९६५ च्या कायद्याने बोनस होता. कामाचे तास ठरलेले, साप्ताहिक सुट्टी ठरलेली. हे कोणी दान दिलं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या भांडून मिळवलेलं होतं. त्या मेंबराला जेवू घालणाऱ्या आईला ह्यातलं काहीच नव्हतं. पण निदान धंदा तिचा, वही तिची, आणि १९७७ नंतर बँकेत नाव तिचं. आणि आईच्या हाताखालच्या आक्काला तेही नव्हतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने रेघ ओढली होती: वीज वापरत असाल तर दहा कामगार, नसाल तर वीस. त्या रेघेच्या खाली जे होतं ते त्या कायद्याला दिसायचं नाही. दोन बायकांची खाणावळ कोणाला दिसणार?

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. मेंबरांना जेवण स्वस्त पडायचं म्हणून गिरणीच्या पगारात त्यांचं भागायचं आणि गावी मनिऑर्डर जायची. जेवण स्वस्त का पडायचं? कारण आई स्वतःची मजुरी धरायची नाही आणि आक्काची तर नाहीच नाही. म्हणजे गिरणीमालकाच्या नफ्यातला एक बारीकसा वाटा आमच्या मोरीपाशी बसलेली आक्का भरत होती. सगळ्यात तळाचं माणूस वरच्या सगळ्यांना सवलत देत होतं. आणि सवलत देणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

ह्यात आईला दोष देणं मला जमत नाही. महिन्याचे चार रुपये वाढवले तर मेंबर पलीकडच्या खाणावळीत जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चांगुलपणा तिच्याकडे होता, पैसा नव्हता. पण कर्ज मिळाल्यावर? दर महिन्याला सावकाराला जाणारे पैसे वाचायला लागल्यावर? तेव्हा तरी त्यातला काही भाग आक्काच्या नावाने बाजूला टाकता आला असता. भावाची फी होती, खोलीची डागडुजी होती, माझं लग्न होतं. मागणारे पुष्कळ होते. आक्काने कधी मागितलं नाही, म्हणून तिचा नंबर आला नाही. हा दोष मात्र मी माझ्याकडे घेते, कारण हिशेब माझ्याकडे होता.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. ४२ दिवसांचा संप पाहिलेल्या आईला वाटलं, फार तर दोन-तीन महिने. ती वहीत लिहून जेवू घालत राहिली. होळी गेली, पाऊस आला, गणपती आले. मेंबर एकेक करून गावी जायला लागले. जाताना पाया पडायचे, "मावशी, पगार झाला की पहिले तुमचे," म्हणायचे. खोटं कोणीच बोलत नव्हतं. पगारच पुन्हा झाला नाही. दिवाळीपर्यंत तेविसातले चार उरले. बँकेचं दुसरं कर्ज अंगावर होतं, ते माझ्या पगारातून फेडलं. १९८३ साली खाणावळ बंद झाली.

आक्का गावी गेली त्या दिवशी मी तिला परळच्या एस.टी. डेपोत सोडायला गेले होते. बोचक्यात तीन लुगडी, एक स्टीलचा डबा, आईने दिलेले शंभर रुपये. एकोणीस वर्षं! तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वहीतलं कुणाचं बुडवू नको हो, लिहून ठेव." तिचंच बुडालं होतं, आणि ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. चार वर्षांनी ती गेल्याचं पोस्टकार्ड आलं.

आई १९९९ साली गेली. वही माझ्याकडे आहे. एकोणीस मेंबरांची बाकी त्यात तशीच आहे. आईने ती फाडू दिली नाही आणि कधी वसूलही केली नाही.

त्यानंतर गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते तुम्ही बघताच आहात. लोअर परळला फिनिक्स मिल होती, तिथे मॉल आहे. गिरणी कामगारांना घरं द्यायची म्हणून २०१२ साली म्हाडाची पहिली सोडत निघाली, तेव्हा १ जानेवारी १९८२ नंतर हजेरीपटावर असलेल्यांना किंवा त्यांच्या वारसांना पात्र धरलं. अनेकांना अजूनही घर मिळालेलं नाही, तो निराळा विषय. पण हजेरीपटावर नाव हवं ही अट वाचताना मला वही आठवली. गिरणीचा हजेरीपट होता म्हणून कामगाराला तीस वर्षांनी निदान हक्क सांगता आला. त्याला तीस वर्षं जेवू घालणाऱ्यांचा हजेरीपट कुठे होता?

मी काही अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही. पण एवढं वाचलंय की १९७२ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचं एक पथक केनियात गेलं होतं आणि त्यांच्या अहवालामुळे 'इन्फॉर्मल सेक्टर' हा शब्द जगभर झाला. त्यांचं म्हणणं, हे फुटपाथवरचे, खोलीतले धंदे म्हणजे कचरा नव्हे. सरकारने त्यांच्यामागे पोलीस लावू नयेत, मदत करावी. बरोबरच होतं. त्याच १९७२ साली अहमदाबादला इला भट्ट ह्यांनी 'सेवा' काढली, १९७४ मध्ये त्या बायकांची स्वतःची बँक झाली. पण त्याच मजूर संघटनेला 'डीसेंट वर्क', म्हणजे माणसाला साजेसं काम, हा शब्द मुख्य ध्येय म्हणून मांडायला १९९९ साल उजाडलं. धंदा जगला पाहिजे हे जगाला आधी सुचलं. त्या धंद्यात राबणाऱ्याचं काम कसलं आहे हे विचारायला पाव शतकाहून जास्त वेळ गेला. आमच्या घरी तर त्याहून जास्त गेला.

मुद्रा योजना २०१५ ला सुरू झाली. दहा वर्षांत ५० कोटींहून जास्त कर्जं दिली गेली आणि त्यातली बहुसंख्य बायकांना, हे वाचून मला आईची सही आठवते आणि खरंच बरं वाटतं. पण कर्जं मोजली जातात तशी त्या धंद्यातली माणसं मोजली जातात का? पोळ्या लाटणारीला पोळीमागे काय मिळतं, आजारी पडली तर त्या दिवसाचं काय, हे कुठे लिहिलं जातं? २०२१ साली असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू झालं, त्यात ३० कोटींहून जास्त नावं आली. नाव आलं ही पहिली पायरी झाली. पण एका दप्तरात मालकिणीचं कर्ज आणि दुसऱ्या दप्तरात कामवालीचं नाव, असे दोन कागद वेगवेगळे राहिले तर मधली मजुरी कोण बघणार? मला विचाराल तर कर्ज देणाऱ्याने तो रकाना नुसता भरून घेऊ नये, त्याबद्दल चार प्रश्न विचारावेत. आणि जी मालकीण हाताखालच्या बाईचा फंड भरते, तिला अर्धा टक्का तरी व्याज कमी लावावं. नुसता बडगा दाखवलात तर ती शून्यच लिहील. माझ्या आईने तेच केलं असतं.

असो. तळमजल्यावरच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "दोघी येतात ना? मग दोन लिहू या." ती जरा घाबरली. "काकू, त्यावरून काही मागतील का बँकवाले? आणि पगार वाढवला तर पोळी महाग करावी लागेल. समोरचीवाली एक रुपयाने स्वस्त देते." तिचं म्हणणं खोटं नाही. माझ्याकडे त्याचं उत्तरही नाही. आईकडेही नव्हतं.

थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "लिहा दोन. आहेतच ना त्या."

मी दोन लिहिलं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या दोन पानांवर त्या दोघींची नावं घातली. तारीख, पोळ्या, दर, खाडा, दिलेले पैसे, बाकी. रेघा पट्टीने मारल्या, हात थोडा थरथरतो आता. काल तिने वही दाखवायला आणली. एकीच्या पानावर एका दिवशी खाडा होता आणि पुढे तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मुलाला ताप. पैसे दिले.'

आक्काचं पान मात्र आता कुठल्या वहीत घालणार? म्हणून इथे लिहिलं.